आकाशाचं पाणी

अण्णा,

बॅटरी उठली. तुमच्या पद्धतीने उठली, म्हणून तेवढं आधी सांगून टाकते. भांडण नंतर. तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला उद्देशून एक ओळ लिहिली नाही, कारण लिहिण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती, माफी, आणि ती मी तेरा वर्षांची असतानाच रडून रडून मागून झाली होती. आता मला ती माफी परत पाहिजे. कशी द्यायची ते तुम्ही बघा.

तुमच्या जावयांना जाऊन वर्ष झालं. त्यांची गाडी सरावलीच्या आमच्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी आहे. त्यांनी तिच्यात नेहमीची बॅटरी न बसवता जाड प्लेटांची, सोलरच्या दिव्यांना लावतात त्या जातीची बसवून घेतली होती. लाइट गेली की गाडीपासून खिडकीतून वायर आत ओढायची आणि पंखा लावायचा, हा त्यांचा आवडता उद्योग. शेजारी आधी हसायचे आणि मग त्याच पंख्याखाली येऊन बसायचे. ते गेल्यावर दर रविवारी मी गाडी चालू करून ठेवत होते. मग माझं गुडघ्याचं दुखणं निघालं आणि चार-पाच महिने तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मध्यंतरी किल्ली फिरवली तर टिक् असादेखील आवाज नाही. बोईसरच्या बॅटरीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा असेल, उत्तरेकडून आला आणि इथलाच झाला. त्याने मीटर लावला, लगेच काढला.

"आंटीजी, ये तो गई. बदल डालो."

"मीटर पे कितना आया?" मी विचारलं.

"साढ़े नौ. डेड है."

"ढक्कन खोल के पानी देखा?"

"उसमें देखने का क्या है, आंटी?"

"मरी है कि बेहोश है, ये तुमने दो मिनट में ठहरा दिया? मेरे आदमी के टाइम डॉक्टर ने भी आधा घंटा लगाया था."

त्या बिचाऱ्याने मीटर पिशवीत टाकला. मी त्याला चहा पाजून परत पाठवला आणि बॅटरी मात्र बाहेर काढून व्हरांड्यात ठेवायला लावली. तो गेल्यावर मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की आपण हे काय करून बसलो. पन्नासहून जास्त वर्षं मी बॅटरीला हात लावला नव्हता. घरच्या इन्व्हर्टरमध्ये पाणी घालायचं असलं तरी मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसत असे. तुमचे जावई म्हणायचे, तू बॅटरीला भितेस की बॅटरी तुला? मी म्हणायचे, दोघी एकमेकींना.

सहा बुचं उघडली. पाणी आटलेलं, प्लेटांची डोकी उघडी पडलेली आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं. आणि तुमचा आवाज आला. मला भुताखेतांचं काही सांगायचं नाही, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी ते सगळं कधीच झाडून टाकलं होतं. पण हाताला जे शिकवलेलं असतं ते आवाजासकट शिकवलेलं असतं. 'आधी नुसत्या प्लेटा बुडतील एवढंच पाणी. काठोकाठ नाही. चार्ज होताना पाणी वर येतं, मग बाहेर सांडतं, मग ॲसिड जातं आणि आपण म्हणतो बॅटरी वाईट.' 'ॲसिड कधी वरून घालायचं नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड तिथंच असतं.' 'चार्जर बंद असताना चिमटे लावायचे, नंतर चालू. ठिणगी पडली तर भुवया जातील.' इन्व्हर्टरसाठी घरात असलेलं पाणी मी एकेका सेलमध्ये घालत गेले.

दुकान आठवतं तुम्हाला? स्टेशनजवळचं, पत्र्याचं. लाकडी फळीवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या, मागे कपाटाएवढा चार्जर, त्याचा दिवसभर घूंऽऽ असा आवाज. तुमच्या प्रत्येक सदऱ्याला ॲसिडची भोकं. मी पालघरच्या कॉन्व्हेंटातून दुपारच्या गाडीने बोईसरला उतरते, दप्तर खुंटीला लावते, युनिफॉर्मवर तुम्ही जुन्या रबराचं कापून दिलेलं एप्रन चढवते. मग काचेची पिचकारी हातात. सेलमधलं पाणी वर ओढायचं, आतला काटा कुठे तरंगतो ते बघायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा, जितका जास्त तितकी बॅटरी भरलेली. "सेल तीन, अकराशे नव्वद! सेल चार, बाराशे दहा!" तुम्ही पाटीवर लिहून घ्यायचात. घिवलीचे तांडेल, होड्यांचे कप्तान, बाकावर बसून विडी ओढत बघायचे आणि म्हणायचे, "अण्णा, पोर तर दवाखान्यातल्या नर्सवानी बोलते." तुम्ही म्हणायचात, "नर्स नाय, डाक्तर हाय ती आमची." तो बाक, ती विडी, ते वाक्य. मी तेरा वर्षांची होते आणि मला आयुष्यात आणखी काही नको होतं.

तुम्हीच मला समजावलं होतं की गाडीची बॅटरी आणि होडीची बॅटरी दिसायला सारखी असली तरी जात वेगळी. गाडीची एक आरोळी ठोकते आणि गप्प बसते. होडीची दिवा जागवत बसते, तासन् तास, थोडं थोडं देत. म्हणून तिच्या प्लेटा जाड. म्हणून तिला भरायचंही तसंच, सावकाश. उपाशी राहिलेल्याला आधी पेज, जेवण दुसऱ्या दिवशी. लोक घाई करायचे, उद्या होडी जायची आहे म्हणून डोक्यावर बसायचे, आणि तुम्ही ऐकायचा नाहीत. तीनदा सावकाश भरून बघितल्याशिवाय तुम्ही एकाही बॅटरीला मेली म्हटलं नाहीत. मला वाटायचं, माझ्या बापासारखा सरळ माणूस डहाणूपासून वसईपर्यंत नाही.

आणि पाणी. डिस्टिल्ड वॉटर मुंबईहून यायचं आणि वेळेवर कधी यायचं नाही. विहिरी आपल्याकडच्या मचूळ. म्हणून तुमची ती खास पद्धत. पाऊस चांगला लागून, आभाळ धुऊन निघालं की कुंभवलीच्या घराच्या अंगणात चार बांबूंवर पांढरं प्लास्टिक ताणायचं, मधे खोलगट, खाली मलमल आणि काचेच्या मोठ्या बरण्या. त्या प्लास्टिकखालून आम्हा भावंडांना जायची बंदी. त्यावर कावळा बसला तरी तुम्ही ओसरीवरून चप्पल भिरकावायचात. गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचात, आपल्याकडे विहिरीचं नाय, आकाशाचं पाणी. दुकान चालायचं ते त्या एका वाक्यावर. पुढे कुंभवलीच्या शेजारी एकेक कारखाना उभा राहिला. आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर पिवळे ठिपके पडायला लागले. आई ओरडली तेव्हा तुम्ही दोरी मागच्या अंगणात नेऊन बांधलीत. प्लास्टिक जिथल्या तिथे राहिलं.

हे मी आत्ता लिहिते आहे तेव्हा मला दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस सरून होड्या बाहेर पडल्या आणि महिन्याच्या आत घिवलीच्या एका तांडेलाची बॅटरी बसली. धुकं असताना दिवा गेला, दुसरी होडी अंधारात त्यांच्या जाळ्यावरून गेली आणि जाळं फाटून वाहून गेलं. माणसं आली घरी, देवाची कृपा. पण ते जाळं त्यांच्या घरातल्या दोन बायकांनी सबंध पावसाळाभर बसून विणलेलं होतं. तांडेल बॅटरी खांद्यावर घेऊन आला, बरोबर चार जण. आधीच्या दोन दिवसांत आणखी दोन बॅटऱ्या परत आलेल्या होत्या. दुकानात मी होते, एप्रन घातलेली, हातात पिचकारी.

तांडेलाने बॅटरी फळीवर आदळली. "अण्णा, पानी कोनी घातला व्हता यात?"

तुम्ही बुचं उघडलीत, वास घेतलात, काटा बघितलात. बराच वेळ. मग माझ्याकडे वळलात.

"त्या दिवशी विहिरीवरनं कॅन कुणी भरून आणला होता?"

"मी. बॅटऱ्यांची वरची घाण धुवायला. तुम्हीच सांगितलंत."

"आणि सेलमध्ये कुठल्या कॅनमधलं ओतलंस?"

"पांढऱ्या. आकाशाच्या."

"नक्की?"

दोन कॅन होते. पांढरा आकाशाचा, निळा धुण्याचा. मी पांढराच उचलला होता. तो माझ्या हातात कसा जड लागला तेही मला आठवत होतं. पण तुम्ही 'नक्की?' असं ज्या आवाजात विचारलंत ना अण्णा, त्या आवाजाने पांढरा कॅन निळा झाला. मी दोन सेकंद थांबले. तेवढं तुम्हाला पुरलं.

"पोर हाय," तुम्ही तांडेलाला म्हणालात. "चुकली."

आणि माझ्या हातातली पिचकारी काढून घेतलीत. "उद्यापासून घरी जायचं. दुकानात पाय टाकायचा नाही." तांडेलच मधे पडला, "जाऊ द्या अण्णा, बारकी हाय, मारू नका." तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं, वळ गेले असते.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी सिस्टरांपुढे उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या हलगर्जीपणाने काही माणसं मरणार होती. आम्ही हिंदू मुली, आम्हाला कबुलीजबाबाची ती लाकडी खोपटी आणि जाळीची खिडकी नव्हती, पण सिस्टर रोज सांगायच्या की चूक कबूल केली की मन हलकं होतं. मी केली कबूल. कुणाची केली ते आत्ता कळलं, पण केली. घरी आई म्हणायला लागली, लोणच्याच्या बरणीला तू हात लावू नकोस गो. बोईसरच्या बाजारात कोळणी ओरडायच्या, आली बघा खाऱ्या पाण्याची. माझ्या लग्नात सुद्धा कुणीतरी नवऱ्यामुलाला सांगितलं, हिच्या हातचं पाणी बघून प्या. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी तुम्हाला हसताना बघितलं.

मग मी इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात चिकटले आणि तीसहून अधिक वर्षं तिथेच होते. प्रत्येक चिठ्ठी मी तीन वेळा तपासायचे. ड्रमवरचं लेबल, गाडीचा नंबर, पुन्हा लेबल. ड्रायव्हर वैतागायचे, "मैडम, अभी और कितना देखोगे?" माझ्या पाठीमागे मला काय म्हणायचे ते मला माहीत आहे, आणि ते सभ्य माणसाने लिहिण्यासारखं नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, यांच्या हातून तीस वर्षांत एक चूक झाली नाही. टाळ्या झाल्या. मी मनात म्हटलं, एक झालेली आहे, तुम्हाला माहीत नाही.

आता मागच्या पंधरवड्याचं सांगते. नवा चार्जर आणला, आणि एक काचेची पिचकारीही. चार्जर हुशार, स्वतःच ठरवतो किती द्यायचं ते. आणि एवढा हुशार की बॅटरी फार खाली गेलेली दिसली की तिला ओळखच दाखवत नाही, लाल दिवा लावून बसतो. तुमचा तो घूं करणारा डबा असा नव्हता, तो कुणालाही द्यायचा. मी मग घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणि ही, अधिकाला अधिक, उण्याला उणं, अशी तारांनी जोडली आणि तासभर ठेवली. शेजारणीच्या उबेने थोडी धुगधुगी आली तेवढ्यात चार्जरचा दिवा हिरवा करून घेतला. सगळ्यात कमी ॲम्पियरवर ठेवला. खिडक्या उघड्या, उदबत्ती बंद. लेकीचा पुण्याहून फोन, "आई, इंटरनेटवर बघून करतेयस का हे? हात भाजून घेशील." म्हटलं, "बापाकडे बघून करतेय." पहिल्या दिवशी काटा हललाच नाही. दुसऱ्या दिवशी अकराशे वीस, अकराशे चाळीस. तिसरा सेल तेवढा मागे. मला इतका आनंद झाला की मी व्हरांड्यात एकटी मोठ्याने म्हणाले, "सेल पाच, अकराशे चाळीस!" समोरच्या घरातली बाई खिडकीत आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन बसले होते तेव्हा घिवलीची मावशी आली. त्या तांडेलाची बायको. तांडेल जाऊन बरीच वर्षं झाली, ती ऐंशीच्या पुढे आहे आणि अजून रिक्षातून टोपली घेऊन येते, सुके बोंबील, जवळा. तिने विणलेलं जाळं माझ्यामुळे गेलं म्हणून मी तिच्याशी उभ्या आयुष्यात कधी घासाघीस केली नाही. नको असला तरी जवळा घेतला. शेजारणी मला वेडी म्हणतात.

ती पायरीवर टेकली, बॅटरीकडे बघितलं.

"काय गो बाय, बापाचा धंदा काढला काय?"

"गाडीची आहे मावशी. पाणी घालतेय."

"कसला पानी? पावसाचा नको घालू हां!" आणि तोंडात एकही दात नसलेली ती म्हातारी खदखदून हसली. "तुज्या बापाने घातला न् आमचा जाळा गेला."

"विहिरीचं," मी म्हणाले. "ते विहिरीचं पाणी होतं, मावशी. मी घातलं होतं."

"तू कवा गो? तुजा बापूस आलता ना आमच्या घरी, आठ दिसांनी. दोन बॅटऱ्या घेऊन आलता. ओट्यावर बसला, चाय पन नाय घेतला. माज्या घोवाला बोलला, पानी माजाच व्हता, वरचा, त्यात कारखान्याचा धूर उतरला. आता नाय वापरनार. पन कोनाला बोलू नको, बाकीच्या होड्यांचा गिऱ्हाईक जाईल."

"आणि माझं नाव घेतलं होतं, ते?"

"हां, ता पन बोलला. पोर हाय, विसरेल." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तू नाय विसरली?"

"नाही."

"अगो बाय माजे! मला वाटला तुला ठावं हाय. सगल्या घिवलीला ठावं हाय!"

तिने दोन मुठी बोंबील जास्त टाकले, माझ्या पाठीवरून हात फिरवला, "जाऊ दे, मेला मानूस," म्हणाली आणि रिक्षात बसून गेली. मी त्या बाटलीचं झाकण लावायला विसरले.

सगळ्या घिवलीला माहीत होतं, अण्णा. ज्या कोळणी मला खाऱ्या पाण्याची म्हणायच्या त्यांच्यातल्या निम्म्या जणींना माहीत होतं. त्यांच्या दृष्टीने ती थट्टा होती, आणि मीही थट्टेत सामील आहे अशी त्यांची समजूत. मी एकटीच होते जी ती खरी मानून जगत होते.

मी आत जाऊन पलंगावर बसले आणि एकेक गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहायला लागली. त्या दिवाळीच्या आत प्लास्टिक अंगणातून गेलं. तुम्ही म्हणालात, पेंढ्यावर घालायला पाहिजे. आकाशाच्या पाण्याच्या काचेच्या बरण्या तुम्ही आईला दिल्यात आणि आईने त्यांत लोणची घातली. त्याच बरण्या, ज्यांना मी हात लावायचा नव्हता! आईला माहीत होतं का? हे विचारायला आता तीही नाही. आणि मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला घड्याळ आणलंत. आपल्या सबंध कुळात घड्याळ बांधणारी मी पहिली मुलगी. मी ते पंधरा वर्षं बांधलं, पट्टा तुटला की नवा घालून. एवढी मोठी चूक करूनसुद्धा बापाने आपल्याला घड्याळ दिलं म्हणून तुमच्या पाया पडताना मी रडले होते. तुम्ही म्हणालात, "पुरे, पुरे." आता कळतं की तो आवाज पुरे म्हणणाऱ्याचा नव्हता, पळून जाणाऱ्याचा होता.

मला दुकानाचं कळतं. मी काही मूर्ख नाही. आकाशाच्या पाण्यावर दुकान उभं होतं, आणि तेच पाणी वाईट निघालं असं सांगितलं असतं तर आठवड्यात बाक रिकामा झाला असता. घरात खाणारी सहा तोंडं. पोरीची चूक लोक पोटात घालतात, बापाची घालत नाहीत. हिशेब तुमचा बरोबर होता. पण तुम्ही घिवलीला गेलात. सात-आठ मैल सायकल मारत, बॅटऱ्या कॅरियरला बांधून, परक्याच्या ओट्यावर बसून खरं सांगितलंत. आणि घरी आलात, हातपाय धुतलेत, स्वयंपाकघरात माझ्या समोरच्या पाटावर बसून मी वाढलेला भात जेवलात. तिथून माझ्यापर्यंत दोन हात अंतर होतं. पुढे वीसेक वर्षं आपण त्या घरात भेटत, जेवत होतो. शेवटच्या दुखण्यात तर तुम्ही महिनाभर पडून होतात आणि मी उशाशी होते. रेशनकार्ड कुठे आहे ते सांगितलंत. चिकूची कलमं कुणाला द्यायची ते सांगितलंत. मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायला तर दोनदा सांगितलंत.

परत व्हरांड्यात आले तेव्हा तासातासाला काटा बघायची वेळ चुकली होती. पाच सेल छान फसफसत होते आणि तिसरा तसाच, मुखदुर्बळ. माझा हात चार्जरच्या बटनावर गेला. म्हटलं, बंद करावं आणि ही त्या बॅटरीवाल्याला भंगारात देऊन टाकावी, आपल्याला काय करायचंय बापाच्या शिकवणीशी. मग त्या तिसऱ्या सेलकडे बघितलं. त्याने काय केलं होतं? मी पिचकारी घेतली आणि काटा बघितला. अकराशे पन्नास. लिहून ठेवलं.

रागात केलं सगळं. चार्जिंग पुरं झाल्यावर एक रात्र विसावा दिला, मग पुन्हा लावली, जरा जास्त वेळ, म्हणजे मागे राहिलेला सेल बाकीच्यांना गाठेल. पुन्हा विसावा, पुन्हा तिसऱ्यांदा. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा कचरा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, व्हॅसलीन लावलं. सहाव्या दिवशी पाच सेल बाराशे पन्नासवर आणि तिसरा बाराशे चाळीसवर. दिवा लावून ठेवला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिवळा झाला नाही. आता दर पंधरा दिवसांनी चार्जर लावणार आहे, अर्ध्याच्या खाली उतरू देणार नाही. माझ्या हातात काही दोष नाही, अण्णा. कधीच नव्हता. हे मला सहासष्टाव्या वर्षी एका बॅटरीकडून आणि एका बोंबीलवालीकडून कळावं?

आणि सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? तुम्ही मला विचारलं नाहीत. त्या संध्याकाळी चुलीजवळ येऊन नुसतं म्हणायचं होतंत, पोरी, पाणी माझं होतं, पण हे तुझ्या नावावर राहू दे, दुकान वाचेल. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं असतं. बाजारात मान खाली घालून चालले असते, कोळणींनी चिडवलं की मनात हसले असते. आपल्या दोघांचं गुपित म्हणून ते आयुष्यभर मिरवलं असतं. तुम्हाला माझं नाव पाहिजे होतं तर मी दिलं असतं. तुम्ही ते न विचारता उचललंत, जसा निळा कॅन उचलावा तसं.

आज त्या बॅटरीवाल्याला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याने आपलं यंत्र लावलं, भार टाकून बघितला, पुन्हा बघितला. मग कान पकडले.

"आंटीजी, ये आपने किया? अकेले?"

"फिर क्या पड़ोसी ने किया?"

"किससे सीखा?"

"मेरे फादर से. स्टेशन के पास दुकान था उनका."

"अरे, वो आकाश के पानी वाले? हमारा सेठ अभी भी नाम लेता है उनका. बोलता है, ऐसा ईमानदार आदमी फिर नहीं हुआ. तो आप क्यूं नहीं बैठीं दुकान पे?"

आठ दिवस मी हेच घोकत होते. कुणी विचारलं तर काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, कुठे थांबायचं. आणि हा तर बाजारातला माणूस, संध्याकाळपर्यंत सगळ्या बोईसरला गेलं असतं. तो माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं.

"बचपन में मुझसे गलती हुई थी," मी म्हणाले. "मैंने कुएँ का पानी डाल दिया था."

तो हसला. "बच्चों से होता है, आंटीजी."

तो गेल्यावर हे लिहायला बसले. लेकीला दाखवणार नाही, पाकीटही आणलेलं नाही. तुम्हाला वाचवावं असं काही माझ्या मनात नव्हतं, अण्णा. तोंडातून आलं ते तेच आलं.